दुधातला कार्बन: प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते मार्च २०२५

१० जून २०२४

आमच्या डेअरीकडून दूध पावडर घेणाऱ्या एका मोठ्या चॉकलेट-बिस्किट कंपनीची प्रश्नावली आली आहे. एक किलो पावडरीमागे हरितगृह वायू किती, २०३० पर्यंत त्यात घट किती करणार, पुरावा काय. मार्केटिंगने ती 'पर्यावरण' म्हणून सांडपाणी प्रकल्पाच्या माणसाकडे ढकलली, त्याने 'ऊर्जा' म्हणून माझ्याकडे. मेंटेनन्समध्ये असताना ऊर्जा ऑडिट मीच करायचे, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. सोबत दूध संकलनाचे डॉक्टर (म्हणजे पशुवैद्य) आणि लेखा विभागातली एक मुलगी, तीही अर्धा वेळ.

हिशोबाची चौकट जीएचजी प्रोटोकॉलची (हरितगृह वायू मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत). बॉयलरचं इंधन, जनरेटरचं डिझेल, स्वतःचे टँकर, गळलेला कूलिंग गॅस हे स्कोप १. विजेचं बिल स्कोप २. विकत घेतलेलं दूध, पाउचची फिल्म, भाड्याचे टँकर, दुकानदाराचा फ्रीज हे सगळं स्कोप ३. म्हणजे आमचा कारखाना ग्राहकाच्या स्कोप ३ मध्ये आणि गाय आमच्या स्कोप ३ मध्ये. जो तो दुसऱ्याच्या आवारातलं उत्सर्जन कमी करायला निघालाय. सगळे शेवटी गोठ्याच्या दारात येऊन थांबणार.

१९ जून

कारखान्याची बिलं गोळा व्हायला वेळ लागेल. तोवर कागदावर एक लिटर दुधाचा ढोबळ हिशोब मांडून बघितला. (यापुढे उत्सर्जनाचे 'किलो' आणि 'ग्रॅम' म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून घेतलेले. एक किलो मिथेन बरोबर २८ किलो, शंभर वर्षांच्या हिशोबाने.)

गाय संकरित, वजन साडेचारशे किलो. रोज १२ किलो कोरडा चारा-खाद्य खाते असं धरलं. त्यातली साधारण साडेसहा टक्के ऊर्जा पोटात मिथेन होऊन ढेकरेवाटे बाहेर पडते, हा आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा) ठरलेला आकडा. गुणाकार केला की दिवसाला पाव किलोच्या किंचित वर मिथेन, वर्षाला नव्वद किलोच्या पुढे. २८ ने गुणलं की अडीच टनांवर. वर्षाला तीन हजार लिटर दूध मिळालं तर लिटरमागे ८५० ते ९०० ग्रॅम. हे फक्त दूध देणाऱ्या गायीच्या पोटातलं. त्याच दावणीला बांधलेली कालवड, भाकड गाय, वासरू, वर शेण, मका पिकवायला घातलेला युरिया, पेंड, हे सगळं धरलं की आकडा दीड ते दोन किलोत जातो.

आता कुंपणाच्या आतलं. पाश्चराइज्ड पाउच दुधाला लिटरमागे ०.०५ युनिट वीज धरली आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाचा २०२२-२३ चा ०.७१६ हा गुणक लावला, तर ३६ ग्रॅम. अर्ध्या लिटरच्या पाउचची फिल्म पावणेतीन ग्रॅमची, म्हणजे लिटरला साडेपाच. प्लॅस्टिकच्या किलोमागे दोन किलो धरले तर ११ ग्रॅम. वीस हजार लिटरचा टँकर वाशीला साडेतीनशे किलोमीटर जाऊन रिकामा परत आला, डिझेलला साडेतीनचं ॲव्हरेज पडलं, तर लिटरमागे २७ ग्रॅम.

सगळी बेरीज शंभर ग्रॅमच्या आत. आणि समोर दीड-दोन किलो.

डॉक्टरांना कागद दाखवला. ते म्हणाले, "मग तुम्ही कारखान्यात काय करताय? चला माझ्याबरोबर जीपमध्ये."

२७ जून

बैठक. सोलरवाल्यांचं कोटेशन आमच्या आधी हजर होतं. छतावर पॅनेल, शिवाय २०२२ च्या ग्रीन ओपन ॲक्सेस नियमांनी (हरित वीज थेट उत्पादकाकडून घेण्याचे नियम) वीजभाराची मर्यादा एक मेगावॉटवरून शंभर किलोवॉटवर आणल्यामुळे बाहेरची सौर वीजही घेता येते. पैसे वाचतात, घ्यायलाच हवं, वाद नाही. पण सगळीच्या सगळी वीज सौर झाली तरी लिटरमागचे ते ३६ ग्रॅमच जाणार, हे सांगितल्यावर खोलीत थोडी नाराजी पसरली. सोलरचा फोटो वार्षिक अहवालात चांगला येतो. भाकड गायीचा येत नाही.

एक कामाची गोष्ट निघाली. आमची आइस बँक (दूध गार करायला बर्फ साठवणारी टाकी) रात्रीचा दर स्वस्त म्हणून रात्री बर्फ बांधते. सौर वीज घ्यायची तर तीच आइस बँक दुपारी चालवायची, बर्फ हीच बॅटरी. कॉम्प्रेसरला दुपारच्या उन्हात काम जास्त पडेल, कंडेन्सरची क्षमता तपासायला हवी. रेफ्रिजरेशनच्या लोकांना सांगितलं.

१६ जुलै

गावोगावचे बल्क कूलर, म्हणजे संकलन केंद्रावर दूध गार ठेवणाऱ्या टाक्या. कारखान्यात मोठा प्लांट अमोनियावर चालतो. अमोनिया घातक, पण हवामानाच्या हिशोबात त्याची किंमत शून्य. बल्क कूलरमध्ये मात्र आर-२२ किंवा आर-४०४ए हे कूलिंग गॅस. या आर-४०४ए चा एक किलो गळला की ३,९२२ किलोचा बोजा. म्हणजे जवळजवळ साडेचौदाशे लिटर डिझेल जाळल्यासारखं. आणि 'गॅस भरला' ही नोंद दर उन्हाळ्यात मेकॅनिकच्या बिलात असते, किती किलो ते नसतं. "गॅस चार्जिंग, एक नग." एक नग म्हणजे किती?

किगाली करारात भारताची एचएफसीची (आर-४०४ए सारख्या कूलिंग गॅसची) कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे. तोवर कुणी बोलणार नाही, म्हणून कुणी मोजतही नाही. मी एक साधं रजिस्टर केलंय: सिलिंडरचं वजन आधी, वजन नंतर, कुठल्या जॉइंटवर गळती, सही. मेकॅनिक लोक हसले, पण वजनकाटा प्रत्येक केंद्रावर आहेच, सबब चालली नाही.

८ ऑगस्ट

पावडर प्लांट. यंदा पावडरीला भाव नाही, गोदामं भरलेली, शेतकऱ्याला दर देताना सगळ्याच दूध संघांची ओढाताण चाललीय. सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान चालू केलंय. अशा वेळी खर्च कमी करणारं काही असेल तर ऐकून घेतात.

पावडर करणं म्हणजे दुधातलं पाणी उडवणं. ते दोन टप्प्यांत उडतं आणि दोन्हींची किंमत फार वेगळी. इव्हॅपोरेटरमध्ये तीच स्टीम एका इफेक्टमधून (भांड्यातून) दुसऱ्यात वापरली जाते, त्यामुळे एक किलो स्टीम सहा-आठ किलो पाणी घेऊन जाते. ड्रायरमध्ये उलट, एक किलो पाणी उडवायला दोन किलोच्या वर स्टीम. म्हणून जितकं पाणी पहिल्या टप्प्यात निघेल तितकं बरं.

गणित: हजार किलो स्किम दूध, ९ टक्के घन, म्हणजे ९० किलो. इव्हॅपोरेटरमधून ४५ टक्के घनावर काढलं तर २०० किलो कॉन्सन्ट्रेट (आटवलेलं दूध) ड्रायरला जातं आणि तिथे १०६ किलो पाणी उडवावं लागतं. तेच ५० टक्क्यांवर काढलं तर १८० किलो जातं, ८६ किलो पाणी. ड्रायरचं ओझं जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी, आणि इव्हॅपोरेटरवर वीस किलोची भर, जी तिथे फुटकळ आहे.

हे शिफ्टच्या आबांना सांगितलं. तीस वर्षं ड्रायरवर आहेत. म्हणाले, "मॅडम, पन्नासला गेलं की घट्ट होतं. फीड लाइन बसते, ॲटमायझर (दुधाचा फवारा करणारं चाक) थरथरतो, मग रात्री दोन वाजता धुवायला मीच असतो." बरोबरच आहे. कॉन्सन्ट्रेट थांबून राहिलं की आपोआप घट्ट होत जातं. त्यावर उपाय म्हणजे ड्रायरच्या तोंडाशी ते ६५-७० अंशांपर्यंत तापवायचं, पातळ होतं, आणि मधल्या टाकीत साठू द्यायचं नाही. आबा ४८ ला तयार झाले. पावसाळा संपल्यावर. सध्या हवेतच इतका ओलावा आहे की ड्रायरला येणारी हवा आधीच पाणी घेऊन येते, पावडर ओलसर राहते, फीड कमी करावा लागतो. या दिवसांत चाचणी घेऊन आकडा काढला तर तो कुणीही खोडून काढेल.

बॉयलर बगॅसच्या ब्रिकेटवर चालतो. नियमाने तो कार्बन वनस्पतीतून आलेला, त्यामुळे वेगळा दाखवायचा, बेरजेत नाही. म्हणून या स्टीमच्या बचतीने आमचा कागदावरचा आकडा जवळपास हलणारच नाही. लेखावाली विचारते, मग करायचं कशाला? एक तर ब्रिकेट फुकट नाहीत. दुसरं, हंगाम नसताना त्या मिळेनाशा होतात तेव्हा काय जाळलं जातं ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

११ सप्टेंबर

सांडपाणी प्रकल्पाच्या नोंदींनी काही सांगितलं जे ऊर्जेच्या बिलांनी सांगितलं नव्हतं. येणाऱ्या पाण्याचा सीओडी (त्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) सकाळच्या आणि संध्याकाळच्या धुण्याच्या वेळी उसळतो. तो सीओडी म्हणजे दूध. लाइन पाण्याने ढकलताना सुरुवातीचं आणि शेवटचं दूध-पाणी मिसळलेलं गटारात, सेपरेटरचा गाळ गटारात, पाउच मशीनवर फुटलेली पाकिटं गटारात.

आता लिटरमागे पावणेदोन किलोचा बोजा घेऊन ते दूध आमच्या दारात आलेलं असतं. शंभरातला एक लिटर वाया गेला की उरलेल्या प्रत्येक लिटरवर १७-१८ ग्रॅमची भर पडते. सगळ्या पाउच फिल्मचे मिळून ११ ग्रॅम. फिल्म पातळ करण्यावर वर्षभर बैठका झाल्या, पुरवठादार आले, नमुने आले, पाकिटं फुटण्याचं प्रमाण मात्र कुणी त्या बैठकीत आणलं नाही. पातळ फिल्मने पाकिटं जास्त फुटली तर हिशोब उलटा पडतो.

करायचं ते असं: लाइनच्या शेवटी गढूळपणा मोजणारा सेन्सर, म्हणजे दूध कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते ऑपरेटरच्या डोळ्यांवर सोडायचं नाही; पहिलं मिसळलेलं दूध वेगळ्या टाकीत. आतापर्यंतच्या सगळ्या कामांत हे मला सगळ्यात पटलेलं. कुणाला शिकवायचं नाही, कुणाला विनवायचं नाही.

१५ ऑक्टोबर

खानापूर तालुका, डॉक्टरांबरोबर. पाऊस चांगला झाल्याने हिरवं मुबलक, हत्ती गवत बांधाबांधावर. गोठे लहान: दोन दुभत्या, एक भाकड, एक कालवड, एखादं वासरू. काही ठिकाणी मुक्त गोठा, बहुतेक ठिकाणी दावणीला बांधलेली.

एका केंद्राजवळच्या काकूंकडे बराच वेळ बसलो. त्यांची चांगली गाय व्यायल्याला वर्ष झालं, अजून गाभण नाही. "तीनदा भरवली डॉक्टर, उलटतीच. आता धार बी कमी झाली." डॉक्टरांनी विचारलं माज कसा ओळखता. ओरडली की. पण एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय पुष्कळदा ओरडतच नाही, मुका माज. सोट (माजाचा चिकट स्राव) पहाटे दिसतो, त्या वेळी घरात धार, डबा, शाळा सगळं एकदम. दुपारी लक्षात आलं तर कृत्रिम रेतन करणारा दुसऱ्या दिवशी येतो, वेळ निघून गेलेली असते. शिवाय खनिज मिश्रण नाही. सरकी पेंड आणि हिरवा चारा भरपूर, त्यामुळे गाय धष्टपुष्ट दिसते, आत मात्र खनिजं कमी.

परत येताना जीपमध्येच हिशोब केला. एका वेतात तीनशे दिवस दूध, तीन हजार लिटर. दुभत्या दिवसाला पाव किलोवर मिथेन, भाकड दिवसाला त्याच्या दोन तृतीयांश, कारण खाणं कमी. दोन वेतांत तेरा महिन्यांचं अंतर असेल तर लिटरमागे साधारण ८७० ग्रॅम. तेच अंतर अठरा महिने झालं तर १,११० च्या आसपास. फरक २४० ग्रॅमचा. दूध लांबत गेलं तर थोडा कमी होईल, अर्धा धरा. तरीही कारखान्याची वीज, पाउच आणि वाशीचा टँकर तिन्ही मिळून जेवढं होतं त्याहून जास्त.

आणि काकूंसाठी ते मिथेन नाहीच. पाच महिने फुकट घातलेला चारा आहे. त्यांना कार्बनबद्दल अवाक्षर न बोलता हे काम करता येतं. खरं तर बोलूच नये असं डॉक्टरांचं मत.

कालवडीचंही तसंच. पहिलं वेत अडीच वर्षांत आलं काय आणि साडेतीन वर्षांत आलं काय, मधल्या वर्षाचं मिथेन दुधाच्याच खात्यात पडतं. लिंगनिर्धारित वीर्यमात्रेने नव्वद टक्के कालवडी होतात, सरकारी योजनेत स्वस्तात मिळतात, पण एकदा उलटली की शेतकरी परत साध्या मात्रेवर येतो. गोऱ्ह्यांचा, म्हणजे नर वासरांचा, विषय कुणी काढत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून एचएफच्या गोऱ्ह्याला शेतात काम नाही, २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बाजारातही वाट नाही. तो कुणाच्या तरी दारात किंवा रस्त्यावर चरत असतो, आणि त्याचं मिथेन कोणत्याच कंपनीच्या वहीत येत नाही. आमच्या वहीत यायला हवं असं मला वाटतं. डॉक्टर म्हणाले, लिहा, पण बैठकीत तुम्ही वाचा.

२८ ऑक्टोबर

आहार संतुलनाचे जुने कागद वाचले. राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात एनडीडीबीने (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने) गावातलीच माणसं तयार केली होती: जनावराचं वजन टेपने, दूध किती, घरात चारा कोणता, हे संगणक प्रणालीत भरलं की त्याच चाऱ्यात काय कमी-जास्त करायचं ते निघतं. खर्च कमी झाला, दूध वाढलं आणि लिटरमागचं मिथेन दहा टक्क्यांहून जास्त घटलं. योजना संपली तशी गावातली ती माणसं दुसऱ्या कामाला लागली. पगार कोण देणार हा प्रश्न तेव्हाही होता.

आमच्याकडे मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) वाढतोय, ते चांगलंच. पण पुढच्या महिन्यात ऊसतोड सुरू होईल आणि सगळे वाढ्यावर (उसाच्या शेंड्यांवर) येतील. फुकट मिळतं. नुसत्या वाढ्यावर गाय पोट भरते, दूध देत नाही. तंतू जास्त, प्रथिनं कमी, म्हणजे लिटरमागे ढेकरा जास्त.

१८ नोव्हेंबर

निवडणूक परवा, गावात एकही बैठक होणार नाही. बसल्या जागी बायोगॅसचा विचार.

आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरा गावाचं उदाहरण सगळे देतात: घराघरात दोन घनमीटरचे फुग्यासारखे संच, उरलेली स्लरी विकत घेणारी महिलांची संस्था. बनासकाठ्यात बनास डेअरी शेणापासून सीएनजी करते. संचालकांना हे फार आवडलंय. मलाही आवडतं, पण दुधाच्या वहीत ते किती दिसेल याबद्दल शंका आहे.

कारण असं. शेणातून मिथेन निघतं ते हवा न लागता सडलं तर. पाण्याने वाहून नेलेल्या, खड्ड्यात साठलेल्या पातळ शेणात, आपल्याकडच्या गरमीत, जितकं मिथेन होऊ शकतं त्यातलं सत्तर-ऐंशी टक्के होतं. आपल्या उकिरड्यात ते वाळत जातं, तिथे पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दोन गायींच्या घरी वाचवायला मुळात फारसं मिथेन नाही, आणि संचाचा पाइप किंवा फुगा गळका असेल तर होतं त्यापेक्षा जास्त हवेत जाऊ शकतं. वाचतो तो सिलिंडर किंवा चुलीचं लाकूड. घराला खरा फायदा, बाईच्या डोळ्यांना खरा फायदा, पण तो दुधाच्या नव्हे, स्वयंपाकाच्या खात्यात जमा.

स्लरीचं मात्र वेगळं. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत सुमारे २१ किलो नत्र. त्यातलं एक टक्का जरी नायट्रस ऑक्साइड होऊन उडालं तरी शेतातून ८५ किलोच्या आसपास बोजा, कारखान्यात युरिया बनवतानाचा वेगळा. स्लरी घातली म्हणून मक्याला एक गोणी कमी पडली तर ती घट मुरघासातून आमच्या दुधात येते. स्लरीही थोडा वायू सोडते, पूर्ण गोणी धरता येणार नाही.

तेव्हा माझी शिफारस: शंभर-दोनशे गायींचे जे मोठे गोठे पाणी मारून शेण खड्ड्यात सोडतात, तिथे आधी. संख्या कमी, मिथेन जास्त, देखभालीला माणूस आहे. दोन गायींच्या घरी बायोगॅस द्यावा, पण सामाजिक कामाच्या पैशातून, आणि त्यावर कार्बनचा दावा करू नये.

९ डिसेंबर

ब्रिटनमध्ये गोंधळ. अर्ला या डेअरी कंपनीने २६ नोव्हेंबरला तीन सुपरमार्केट साखळ्यांबरोबर सुमारे तीस गोठ्यांवर मिथेन कमी करणाऱ्या बोव्हेर नावाच्या खाद्यपूरकाची चाचणी जाहीर केली आणि लोक व्हिडिओ काढून दूध सिंकमध्ये ओतायला लागले. युरोपात त्याला फेब्रुवारी २०२२ मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेच्या एफडीएनेही यंदा मे महिन्यात तपासणी पूर्ण केली. तरी हे. आमच्या मार्केटिंगने लगेच मेल पाठवला: असलं काही आपण करणार आहोत का? नाही.

भीती हे कारण नाही. ते द्रव्य पोटात गेल्यावर मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांचं एक विकर (एन्झाइम) अडवतं आणि काही तासांत त्याचं विघटन होतं. त्यामुळे दिवसभराच्या प्रत्येक घासात ते असावं लागतं. युरोपात सगळा आहार यंत्राने एकत्र कालवून देतात, तिथे जमतं. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी गोळी पेंड आणि मधल्या वेळी वैरण. दोन घासांत औषध, बाकी दिवस मोकळा. शिवाय दूध वाढत नाही, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती काही नाही. पैसे कुणीतरी कायम भरत राहायचे.

बंगळुरूच्या आयसीएआरच्या पशुपोषण संस्थेचं 'हरित धारा' थोडं वेगळं: टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून केलेलं, १७ ते २० टक्के घट असं संस्था सांगते. डॉक्टरांना त्याची चाचणी एखाद्या मोठ्या गोठ्यावर घ्यायची आहे. घ्यावी. आराखड्यात आकडा धरू नये.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत, तरी बैठक. तिळगूळ वाटला आणि मग भांडण.

प्रश्न हा: लक्ष्य लिटरमागे की एकूण? डॅनोनने जानेवारी २०२३ मध्ये ताज्या दुधातलं एकूण मिथेन २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के कमी करू असं जाहीर केलं. नेस्लेचं लक्ष्य २०१८ च्या पायावर २०३० पर्यंत निम्मं. हे एकूण आकडे आहेत. सप्टेंबर २०२२ पासून एसबीटीआयच्या (कंपन्यांची हवामान-लक्ष्यं तपासणाऱ्या संस्थेच्या) नियमांत जमीन-शेती-जंगलाचं लक्ष्य वेगळं द्यावं लागतं आणि अन्नकंपन्यांना त्यातून सुटका नाही.

आमचे लेखाप्रमुख म्हणाले, आपलं संकलन दरवर्षी वाढतं, एकूण कमी कसं करणार? देशाचं दूध २०२३-२४ मध्ये २३ कोटी ९३ लाख टनांवर गेलं, तेही पावणेचार टक्क्यांनी वाढून. बरोबर आहे. पण नुसतं लिटरमागचं लक्ष्य घेतलं आणि दूध दुप्पट केलं तर हवेत जास्तच जाणार, हेही बरोबर आहे. ग्राहकाची प्रश्नावली दोन्ही रकाने विचारते. मी दोन्ही भरायचं म्हटलं: लिटरमागे घट हे लक्ष्य म्हणून, एकूण आकडा जसा आहे तसा, वाढला तर वाढलेला. मार्केटिंगला दुसरा रकाना नकोय.

आणखी एक खोच. म्हशीचं दूध लिटरवर मोजलं तर भारी दिसतं. म्हणून फॅट-प्रथिनांची दुरुस्ती करायची: ०.१२२६ गुणिले फॅट, अधिक ०.०७७६ गुणिले प्रथिनं, अधिक ०.२५३४. सात फॅट आणि ३.८ प्रथिनांचं म्हशीचं एक लिटर प्रमाणित दुधाच्या १.४ लिटरइतकं भरतं. ही दुरुस्ती न करता कुणी गाय-म्हैस तुलना केली तर ती वाचूसुद्धा नये.

२० फेब्रुवारी

आबांची चाचणी झाली. ४८ वर ड्रायर व्यवस्थित चालला, ब्रिकेटची ट्रॉली कमी लागली, आबांनी स्वतःहून ४९ करून बघितलं आणि परत ४८ वर आणलं. लॉगबुकात त्यांनी लिहिलंय, "४९ ला आवाज बदलतो." मापन यंत्रांपेक्षा मला त्या वाक्यावर जास्त भरवसा आहे.

गॅस रजिस्टरमधून निघालं की निम्म्याहून जास्त गळती थोड्याच जुन्या कूलरमधून आहे, तेच तेच. ते आधी बदलायचे, नवे घेताना हायड्रोकार्बन गॅसचे मिळतात का बघायचं.

६ मार्च

दरपत्रकावर बैठक. मला हीच बैठक नऊ महिने हवी होती.

आमचं दरपत्रक ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) धरून चालतं. त्याच्या वर-खाली पॉइंटला पैसे. शेतकरी गोठ्यात जे काही बदलतो ते या कागदाकडे बघून. त्यात गाय वेळेत गाभण राहण्याला किंमत नाही, आहाराला नाही. आम्ही वरून मेळावे घेणार, पत्रकं वाटणार, आणि पैसे मात्र जुन्याच गोष्टींना देणार. अर्लाने २०२३ पासून दुधाच्या दरालाच गुण जोडले: खाद्याची कार्यक्षमता, खताचा वापर, असे मुद्दे, जितके गुण तितके किलोमागे जास्त सेंट. त्यांचे गोठे मोठे आणि प्रत्येकाची नोंद संगणकावर. दोन गायींच्या काकूंकडून असला फॉर्म भरून घेणं शक्य नाही आणि योग्यही नाही.

पण प्रत्येक गायीच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे. रेतन, गर्भतपासणी, वेत हे सगळं त्या आकड्यावर नोंदवता येतं. म्हणून प्रस्ताव असा: रेतनानंतर साठ दिवसांनी गर्भतपासणी कंपनीच्या खर्चाने, खनिज मिश्रण निम्म्या दरात, आणि बिल्ल्यावरच्या नोंदीप्रमाणे दोन वेतांतलं अंतर पंधरा महिन्यांच्या आत आलं तर त्या गायीच्या पुढच्या वेताच्या दुधाला लिटरमागे काही पैसे जादा. गाय उलटली तरी दंड नाही, कपात नाही. लेखाप्रमुखांनी पहिला प्रश्न विचारला तो योग्यच होता: या पैशाचा वाटा तो चॉकलेटवाला उचलणार का? घट त्याच्याही वहीत दिसणार आहे. पत्र गेलंय. त्यांच्या खरेदी विभागाचं उत्तर आलं की शाश्वततेचा विषय दुसऱ्या विभागाकडे आहे.

त्यांच्या उत्तरासाठी न थांबता खानापूर आणि आटपाडीच्या निवडक संकलन केंद्रांवर सुरुवात करायला मंजुरी मिळाली. एका भागात पाणी आणि हिरवा चारा, दुसऱ्यात कडबा. दोन्हीकडे सारखं चालत नाही हे आधीच दिसलं तर बरं. जादा दर किती पैसे, ते एप्रिलच्या दरपत्रकाबरोबर ठरेल. गोऱ्ह्यांचा परिच्छेद मी वाचला. इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच आलंय. दुरुस्ती सुचवणारा मेल पाठवलाय.

डॉक्टरांना हवं ते: दोन रेतन सेवक जादा, पहाटेच्या फोनला जाणारे, आणि एक सोनोग्राफी मशीन. मागणीपत्रावर आज सही घेतली.